नुसतं ‘गाडी आवाज करतीये’ सांगू नका

‘गाडी आवाज करतीये, बघून घ्या.’ एवढं बोलून चावी टेबलावर येते आणि गिऱ्हाईक फोन कानाला लावून बाहेर जातं.

पुण्यात सिंहगड रोडला आतल्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. बाबांनी १९८४ मध्ये काढलं, आता दादा चालवतो, आणि गेली एकवीस वर्षं जॉब कार्ड मी लिहिते. पाना मी क्वचितच धरते. पण कार्डावर दोन रकाने असतात, वर ‘तक्रार’ आणि खाली ‘निघालं काय’. दोन्ही माझ्याच अक्षरात. ते लिहून लिहून एक हिशोब माझ्या पक्का ध्यानात आलाय: वरच्या रकान्यात जितकं कमी, तितका बिलाचा आकडा मोठा. नुसतं ‘आवाज’ लिहिलेली गाडी पोरं आधी तासभर फिरवतात, मग जॅकवर घेतात, मग ‘हे बदलून बघू’ सुरू होतं. आमच्याकडेसुद्धा होतं, खोटं कशाला बोलू.

गाडी घरी खोलायला मी शिकवणार नाही, मला ते येतही नाही. तक्रार कशी सांगायची आणि कुठल्या तक्रारीला गाडी आहे तिथेच थांबवायची, एवढं सांगते.

आधी आवाजाचं

चार प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. थंड गाडीला येतो की तापल्यावर? उभ्या गाडीत येतो की चालताना? वळताना, खड्ड्यात की ब्रेक दाबल्यावर? आणि कधीपासून, त्याच्याआधी गाडीचं काही काम केलं होतं का? शेवटच्याला लोक हमखास ‘नाही’ म्हणतात आणि चहा अर्धा झाल्यावर आठवतं की गेल्या आठवड्यात टायर बदलले होते.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलला उभी करा, हॅन्डब्रेक ओढा आणि थोडी रेस द्या. आवाज रेसबरोबर वाढला तर तो इंजिनाकडचा: बेल्ट, अल्टरनेटर (बाबा त्याला अजून डायनामोच म्हणतात), वॉटर पंप, नाहीतर सायलेन्सर. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चाकं फिरायला लागली की येतो, तर बेअरिंग, ब्रेक, खालचे बुश (सांध्यांमधली रबरं), यांच्यापैकी कुणीतरी. एका मिनिटाची परीक्षा आहे. पार्किंगमध्ये ती करून आलात तर अर्धी गाडी तपासायची गरजच उरत नाही.

पुढचे काही आवाज तर नावानिशी ओळखता येतात. स्टेअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून निघताना कट-कट-कट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याच्यावर रबराचं बूट असतं. ते फाटलं की ग्रीस बाहेर आणि धूळ-पाणी आत. नुसतं बूट फाटलंय तोवर सापडलं तर थोडक्यात भागतं, कटकट सुरू झाली की जॉइंट गेला समजा. बारीक खड्ड्यांवर खट-खट येतं, पण मोठ्या स्पीडब्रेकरवरून हळू नेली तर काही नाही, असं असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची लिंक असते. स्वस्तातला भाग आहे, आणि याच आवाजापायी दोन्ही शॉकअप बदलून बसलेली माणसं आमच्याकडे आली आहेत. वेगाबरोबर चढत जाणारा घूंऽऽ, आणि लांबट वळणावर गाडी एका बाजूला झुकली की कमी-जास्त होणारा, तो व्हील बेअरिंगचा. याला ‘चालतंय की’ म्हणून ओढत बसू नका. सकाळी सेल्फ मारल्या मारल्या चिईईई आणि पावसाळ्यात जास्त, तो बेल्ट. ठरावीक रेसला पत्रा झणझणतो तो बहुधा सायलेन्सरवरचं पत्र्याचं कव्हर सैल झाल्याचा, तिथे एक क्लॅम्प लावून काम होतं.

बाबा आता शहात्तरचे आहेत. बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात, पण इंजिनातला बारीक आवाज सापडत नसला की दादा त्यांनाच हाक मारतो. ते हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवतात, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. मग टोक वॉटर पंपावर. मग बेल्टच्या पुलीजवळ. एकदा मलाही ऐकवलं. पंपातून नुसती एकसारखी गुणगुण येत होती आणि अल्टरनेटरमधून जात्यात वाळू भरडल्यासारखी खरखर. ‘ऐकू आलं?’ म्हणाले. एवढं स्वच्छ ऐकू येतं यावर माझा विश्वास बसेना. तुम्ही मात्र हे करायला जाऊ नका. फिरत्या बेल्टजवळ ओढणी, बाही, सैल केस, काहीही ओढलं जातं.

आणि गॅरेजला निघण्याआधी डिकी रिकामी करा. डावीकडे वळलं की मागून धाड, उजवीकडे वळलं की पुन्हा धाड, अशी तक्रार घेऊन एक काकू आल्या होत्या. आधी दुसऱ्या एका ठिकाणी मागचे बुश बदलून झाले होते. आमच्या पोराने स्टेपनीवरचं मॅट उचललं तर खाली पितळी खलबत्ता. दिवाळीआधी तुळशीबागेतून आणलेला, जावेला द्यायचा राहिलेला. ‘निघालं काय’ या रकान्यात मी ‘खलबत्ता’ असंच लिहिलंय. ते कार्ड अजून जपून ठेवलंय.

सेल्फ लागत नाही

शनिवारी सकाळी फोन येतात ते बहुतेक याचेच. आठवडाभर माणूस दुचाकीवर किंवा मेट्रोने जातो, गाडी सोसायटीत उभी, आणि शनिवारी गावाला निघायचं तर गाडी ढिम्म.

चावी फिरवल्यावर काय झालं ते नीट ऐका. पटापट कटकटकटकट झालं तर बॅटरी उतरलीये. एकच ‘ठक्’ झालं आणि पुढे काही नाही, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच), नाहीतर टर्मिनल सैल. इंजिन जोरात फिरतंय पण धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल पोचत नसेल किंवा स्पार्क मिळत नसेल. आणखी एक खूण: हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा टर्मिनल, दिवे तसेच लख्ख राहिले आणि तरी काही हललं नाही तर गडबड सेल्फच्या बाजूला. हे एवढं फोनवर सांगितलंत तर पोरगं येताना नेमकी बॅटरी घेऊन निघेल की नुसती पान्याची पिशवी, ते ठरतं.

बॉनेट उघडून टर्मिनलकडे बघा. पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर करंट तिथेच अडतो. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासलं की जाते. काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी लावायचं. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. जंप केबल लावतानाही क्रम पाळा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. धक्का मारून सुरू करायचं ते फक्त गिअरच्या गाडीला. ऑटोमॅटिकला चारजण लावून घाम काढलेला मी पाहिलाय, हसणं आवरणं कठीण गेलं.

गाडी सुरू झाली की लोक ती जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवतात आणि बॅटरी भरली समजतात. तेवढ्याने भरत नाही. अर्धा-पाऊण तास चालवा. तरी दुसऱ्या दिवशी तेच झालं तर बॅटरी बदलण्याआधी व्होल्ट बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, आणि नवी बॅटरी टाकलीत तरी तीही आठ दिवसांत बसेल. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात आणि मीटर न लावताच बॅटरी विकणारे पुष्कळ आहेत. बॅटरी स्वतः साधारण तीन ते पाच वर्षं जाते. तिच्यावरची तारीख आणि वॉरंटी कार्ड बघा, घाई करू नका.

तापलेली गाडी

इथे मात्र घाई न करण्याचा सल्ला जीवावरचा आहे.

मे महिना, साताऱ्याकडे जाताना खंबाटकीची चढण, पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी फुल. काटा वर सरकायला लागतो. नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर सरळ लाल, मधलं काही कळत नाही. लाल लागला की एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर फुल करा. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षा वाटते, पण इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो आणि कडेची जागा गाठेपर्यंत वेळ मिळतो. बॉनेटमधून वाफ दिसली तर तेवढंही करू नका, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

आणि मग कॅप उघडायची नाही. रेडिएटरमधलं पाणी झाकणाच्या दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते सगळं एका क्षणात उकळून बाहेर उसळतं. आमच्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांनी टॉवेल गुंडाळून कॅप उघडली होती, दुसऱ्याच्या गाडीला मदत म्हणून. मनगटापासून कोपरापर्यंत चामडी गेली. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी पाइप) हाताला कोमट लागू द्या, मगच. भगभगत्या इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतायचं नाही, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

गॅरेजला सांगायचं ते हे: कुठे तापली? लक्ष्मी रोडच्या रांगेत तापते पण हायवेवर काटा खाली येतो, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचाच मिळतो. याउलट गावात ठीक आणि घाटात किंवा वेगात तापते, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कमी आहे, रेडिएटर आतून बुजलाय, थर्मोस्टॅट (त्या पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय किंवा पंप दमलाय. डबीतलं कूलंट दर पंधरा दिवसांनी कमी होत असेल आणि खाली डाग नसेल, तर ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. चॉकलेट मिल्कशेकसारखा फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, बहुतेक हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलंय. गाडी चालवत आणू नका, टोचन करून आणा.

कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरणाऱ्यांना दादा काही बोलत नाही, रेडिएटरमधून निघालेला गंजाचा चिखल फक्त घमेल्यात दाखवतो.

ब्रेक

पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते. डिस्कवर गंजाचा पापुद्रा बसलेला असतो, तो घासला जातो. हे ठीक. त्यानंतरही रोज हलका ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी येत असेल तर पॅड संपत आलेत; कित्येक पॅडना मुद्दाम तसली पत्र्याची जीभ असते. लोखंडावर लोखंड घासल्याची करकर आली तर पॅड संपून डिस्क खायला सुरुवात झाली. पॅडचं काम डिस्कवर गेलं की बिल दुप्पट-तिप्पट होतं.

पेडल स्पंजासारखं दबत असेल, किंवा दोनदा पंप केल्यावरच धरत असेल, तर गाडी चालवून आमच्याकडे आणू नका, फोन करा. ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरतं, तर डिस्कची तक्रार. ब्रेक न दाबता ८०-१०० च्या वेगाला थरथरतं, तर चाकांचं बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावरच गाडी एका बाजूला ओढते, तर एखादं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलंय. एरवीही ओढते, तर आधी चारही टायरची हवा, मग अलाइनमेंट. किती सोपा फरक आहे! तरी कार्डावर मी ‘स्टेअरिंग हलतं’ एवढंच लिहून घेते.

सिंहगडावरून उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांतून जळका वास येतो तो तुम्ही घेतलाच असेल. गडावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतात. न्यूट्रल करून उतरणाऱ्यांना पेट्रोल वाचल्याचा आनंद असतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार रोज बघणाऱ्या आम्हा लोकांना तो आनंद काही समजत नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री एका ट्रकने गाड्यांची रांगच्या रांग ठोकली तो उतार हाच. आणि इंजिन बंद करून उतरलात तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर रिकामा होतो, पेडल दगडासारखं होतं, स्टेअरिंगही जड पडतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेलं ऑइल लवकर उकळतं, घाटात नेमकं तेव्हाच. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. सर्व्हिसिंगच्या कार्डावर ही ओळ रिकामी दिसली की माझी बोटं आपोआप तिथे थांबतात.

क्लचबद्दल दोनच वाक्यं. तिसऱ्या गिअरला हळू जाताना ॲक्सिलरेटर दाबला आणि रेस वाढली पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट गेली. आणि पुढच्या वेळी चांदणी चौकाच्या चढाला हाफ क्लचवर गाडी धरून उभे राहाल तेव्हा आठवा, ती प्लेट तुमच्या पैशाची आहे.

दिवे, डाग, वास

डॅशबोर्डवरचे दिवे रंगाने वाचा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. लाल म्हणजे थांबा. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा चालू गाडीत लागला तर ‘समोरच घर आहे’ म्हणून अर्धा किलोमीटरही नेऊ नका. तेवढ्यात इंजिन बसलेलं मी लिहून घेतलंय. बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला म्हणजे चार्जिंग थांबलंय, बॅटरीत आहे तेवढ्यावर गाडी चालेल. अशा वेळी एसी आणि गाणी बंद करून जवळचं गॅरेज गाठा, मात्र त्याच वेळी काटाही चढत असेल तर थांबा, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग करत असेल तर रेस देऊ नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो महाग असतो. स्कॅनर लावल्यावर जो कोड येतो त्याचा फोटो मागून घ्या. कोड म्हणजे निदान नव्हे; ‘ऑक्सिजन सेन्सर’ असा कोड आला म्हणून सेन्सरच खराब असतो असं नाही, कधी त्याची वायर उंदराने खाल्लेली असते.

बीएस सहाची डिझेल गाडी घेऊन रोज फक्त शाळा, भाजी आणि ऑफिस करणाऱ्यांना डीपीएफचा दिवा भेटतो. सायलेन्सरमधल्या गाळणीत काजळी साठते, ती जळायला गाडी एका वेगाने वीस-तीस मिनिटं पळावी लागते. गावातल्या सिग्नलांत ती संधी कुठली? दिवा लागला की गाडीचं पुस्तक काढा, त्यात वेग आणि वेळ दिलेली असते, आणि सकाळी लवकर हायवेला एक चक्कर मारा. दुर्लक्ष केलंत तर तेच काम गॅरेजमध्ये करावं लागतं, पैसे मोजून.

खाली डाग दिसतो म्हणून घाबरून येणारे एप्रिल-मेमध्ये खूप. रात्री गाडीखाली रद्दीचा पेपर पसरा. पुढे डावीकडे स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, घरी जा. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि वासाला गोडसर, ते कूलंट. काळं-तपकिरी इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर ओल, ती ब्रेक ऑइलची असू शकते, तिला हलक्यात घेऊ नका. पेपर तसाच घेऊन या, पण गाडीचं पुढचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते त्यावर लिहा.

धुराचंही तसंच. थंड सकाळी निघणारी पांढरी वाफ विरून जाते, ती नुसती ओल. तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी जळतंय. निळसर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टरपासून बघायला सुरुवात करायची.

टायरवर चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला की १.६ मिलिमीटर उरलं, म्हणजे कायद्याने संपला. मधोमध झिजला तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला तर अलाइनमेंट. हवेचा आकडा पंपावरच्या पोराला विचारू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीतही हवा भरा. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते, त्याची तारीख बघून ठेवा.

पावसाळा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा चढला आणि सहकारनगर, अरण्येश्वर भागातल्या गाड्या एकमेकींवर जाऊन बसल्या. २५ जुलै २०२४ ला आमच्या सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं. दोन्ही वेळा त्यानंतरच्या आठवड्यात मी जी कार्डं लिहिली त्यांतली बरीचशी एकाच वाक्याची होती: ‘पाण्यात होती, सेल्फ मारून बघितला.’

तो सेल्फच घात करतो. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टन वर येताना जागा देत नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणजे पाण्यात बंद पडलेली गाडी वाचू शकते, पण पुन्हा सुरू करायला गेलात तर इंजिन उघडावं लागतं. चावी काढा, जमलं तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा आणि टोचन मागवा. साध्या पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं. नूतनीकरणाच्या वेळी हजार-दोन हजार वाचवायला एजंट हेच पहिलं काढून टाकतो, तेव्हा कागद वाचा.

साठलेल्या पाण्यातून जायचंच असेल तर पुढच्या गाडीचं अर्धं चाक बुडतंय का बघा. बुडत असेल तर वळा. जात असाल तर पहिला गिअर, एकसारखी रेस, पाण्यात थांबायचं नाही. बाहेर पडल्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबा, वाळतात. पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी ठेवणार असाल तर हॅन्डब्रेक सोडून, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवा, नाहीतर मागच्या ब्रेकच्या ड्रमला लायनर चिकटतात.

उंदरांवर खात्रीचा उपाय आमच्याकडे नाही. तंबाखूची पानं कापडात बांधून बॉनेटमध्ये ठेवतात, वास असेतोवर थोडाफार फरक पडतो. बाबांचं म्हणणं, गाडी रोज जागेवरून हलवली की उंदीर घर करत नाहीत. आणि सीटखाली चिवड्याचे दाणे सांडलेले असतील तर ते आधी झाडा.

गॅरेजमध्ये आल्यावर

चावी देऊन पळू नका. पोराला शेजारी बसवून आवाज येतो त्याच रस्त्याने एक चक्कर मारा. अंदाजपत्रक लेखी मागा, भाग आणि लेबर वेगवेगळं लिहून. बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. चांगला गॅरेजवाला न मागता दाखवतो, आणि जो ‘फेकून दिला’ म्हणतो त्याच्याकडे पुढच्या वेळी मी गेले नसते. तुमच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी तेच दुखणं उलटलं तर कामी येतो.

आवाज गॅरेजच्या दारात आला की बंद होतो हे जगभर खरं असावं. म्हणून रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा, पण खिडक्या बंद, गाणी बंद, फोन हातात धरलेला आणि सोबतचे गप्प. परवा एका गृहस्थांनी दीड मिनिटाचं पाठवलं. त्यात एक मिनिट वहिनींचा आवाज होता, ‘मार्चपासून सांगतेय सर्व्हिसिंगला टाका, मार्चपासून.’ बाबांनी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा फोन कानाला लावून म्हणाले, ‘वहिनी श्वास घेतात ना, तिथे ऐक. बेल्ट आहे.’

मी वरच्या रकान्यात लिहिलं: सकाळी थंड गाडीला चिईई, उभ्या गाडीतही, मार्चपासून.

खालच्या रकान्यात दादाने सांगितलं तेच लिहिलं. बेल्ट.